एरंडोलची एकचक्रा

ग्रीकांचं थीब्ज नावाचं शहर होतं. तिथे स्फिंक्स नावाची राक्षसीण वाटसरूंना कोडं घालायची आणि उत्तर चुकलं की खाऊन टाकायची. इडिपसने ते कोडं सोडवलं. पुढे इ.स.पू. 335 मध्ये अलेक्झांडरने हे शहर जमीनदोस्त केलं, तरी जगाला ते आठवतं इडिपसचं गाव म्हणूनच.

आता खानदेशातल्या आपल्या एरंडोलकडे या. इथेही माणूस खाणाराच! एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस, अशी बकासुराची पाळी. ती पांडव राहत होते त्या ब्राह्मणाच्या घरावर आली आणि कुंतीने भीमाला धाडलं. त्याच्या खुणा म्हणून गावात पांडववाडा आणि पद्मालयाजवळ भीमकुंड दाखवतात.

अडचण एवढीच की एकचक्रा पुष्कळ आहेत. बंगालात बीरभूमला नित्यानंदांचं जन्मगाव एकचक्रा; पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने तर बिहारमधलं आरा ठरवलं. आदिपर्वातले पांडव मत्स्य, त्रिगर्त, पांचाल असे देश मागे टाकत एकचक्रेला येतात. नकाशा पुढ्यात घेतला तर आपली अंजनी नदी त्या वाटेवर येत नाही. कुणाला राग येईल, येवो. पांडववाड्यावरून न्यायालयात गेलेल्या तंट्यात मी शिरत नाही.

मला कुतूहल आहे ते नाव टिकतं कसं याचं. 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावाने खानदेशाचा दानदेश केला. बादशाही हुकूम तो! आज धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘दानदेश’ म्हणून हाक मारा, कुणी मान वळवणार नाही. मुळात ‘खानदेश’ही सुलतानी, इथल्या फारुकी सुलतानांना मिळालेल्या खान किताबावरून, असं आईन-इ-अकबरी सांगते. पण त्यात लोकांनी कान्हा शोधला, कान्हदेश केला. कथा जोडता आली की नाव आपलं होतं, मग ते कुणीही दिलेलं असो.

पण कथा जागाही फार अडवते. एरंडोल एकेकाळी देशी कागदासाठी नावाजलेलं होतं. इंग्रजांच्या गॅझेटियरात त्याची नोंद झाली तेव्हा धंदा विझत आला होता. देशी कागद करायचा म्हणजे जुनी गोणपाटं, दोर चुन्यात भिजवून कुटायचे, लगदा गवती काड्यांच्या चाळणीवर उचलायचा, ताव वाळला की खळ लावून दगडाने घोटायचा. खळ लावली नाही तर बोरूची शाई फुटायची. असं राबणाऱ्या कागद्यांच्या वाट्याला गावाच्या आठवणीत एक कोपराही आला नाही. बकासुराचा गाडा मात्र तोंडपाठ.

तुमच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची जुनी चोपडी असेल, तर एक पान उजेडापुढे धरा. काड्यांच्या बारीक, किंचित वाकड्या रेघा दिसल्या तर तो हातकागद समजा. मग घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, आपली वहीखाती कुठल्या बाजारातून यायची. एरंडोलचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने, माझ्या मते, भीमकुंडाआधी त्या माळ्यावर चढावं.