‘इनके लिए क्या लाऊँ?’

आजचा विषय तसा साधा, जेवणाचा. पण सुरुवात राज्यघटनेपासून करतो. आपल्या घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात म्हटलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुठल्याही नागरिकाला दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जायला आडकाठी करता येणार नाही. हे लिहावं लागलं, कारण माणसांना खरोखरच दारातून परत पाठवत होते, त्यांचे कप वेगळे ठेवत होते. आता दार उघडं आहे. पण आत गेल्यावर टेबलापाशी जे घडतं, त्यातलं बरंचसं कुठल्याच कलमात बसत नाही.

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये होती. पार्क स्ट्रीटवर एक जुनं रेस्टॉरंट आहे, नाव सांगत नाही. पगार झाला की मी आणि सौ. तिथे जायचो. तिथलं चिकन आ ला किएव्ह! सुरी घातली की आतलं वितळलेलं लोणी थेट शर्टावर. नव्या माणसाचा शर्ट हमखास जायचा.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा जाणं झालं. आमच्या युनिटचे जुने मेस हवालदार तेव्हा मुलाकडे कोलकात्यात आले होते, त्यांनाही बरोबर घेतलं. गाव साताऱ्याकडचं. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी.

मॅनेजरनं मला ओळखलं. “आइए कर्नल साहब!” खिडकीजवळचं टेबल मिळालं. माणसं तीन, मेन्यू कार्डं आली दोन. हवालदारांच्या पुढ्यातले काटा-सुरी न विचारता उचलले गेले आणि चमचा आला. मग वेटरनं त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, “इनके लिए क्या लाऊँ?”

मी म्हटलं, “उन्हीं से पूछिए.” हवालदारांनी शांतपणे सांगितलं, “चिकन किएव्ह. और छुरी-काँटा वापस लाइए.”

मंडळी, ज्या माणसाच्या हातून काटा-सुरी काढून घेतली, त्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं पोरांना हेच शिकवण्यात घालवली होती. वाढायचं डावीकडून, पाणी ओतायचं उजवीकडून, ताटात बोट दिसता कामा नये. मेसमध्ये परेडसारखी तालीम घ्यायचे. जेवताना हळूच मला म्हणाले, “साहेब, भाजी उजवीकडनं वाढली बघा.” तक्रार नव्हती ती, नुसती उस्तादाची नजर.

वेटरची बाजूही सांगतो. त्याची कमाई बरीचशी टिपेवर असते, त्यामुळे गिऱ्हाईक दारात दिसलं की कपडे, बूट, बोलणं पाहून तो मनातल्या मनात हिशेब मांडतो. मॅनेजरनं तर मला समजावलं, “सर, उन्हें तकलीफ न हो, इसलिए चम्मच रखा.” तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. चमचा मागितला तर जरूर द्या. पण न विचारता? शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. या दयेशी कसं भांडायचं, सांगा.

बिल आलं. त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज, तिघांच्या जेवणावर सारखाच! इथे मात्र कायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. तो काढून टाका म्हणून सांगायचा हक्क आपल्याला आहे. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. आपल्यातले बरेच जण संकोचानं गप्प बसतात. आम्हा फौजी लोकांना तो संकोच जरा कमीच. मी सांगितलं, सेवा दोघांची झाली आहे, तिसऱ्याची नाही, चार्ज काढा. त्यांनी बिल बदलून आणलं.

सौ. म्हणाली, आता इथे पुन्हा नको. मी अजून ठरवलेलं नाही, किएव्ह तितकंच चांगलं होतं.

हवालदार मात्र उठताना थांबले. पाणी वाढणारा एक पोरगा होता, सतरा-अठराचा. तो त्यांच्याशी संध्याकाळभर “दादू, आर जॉल?” असं थेट त्यांच्याकडे बघून बोलत होता. त्याला बोलावून त्यांनी शंभराची नोट हातात ठेवली आणि जग कसा धरायचा, ते दाखवलं.