नकाशाचा कागद



कामगार चळवळीतल्या माणसाने नकाशाच्या कागदावर काय बोलावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल. माझे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही समजले ते छापखान्यातल्या कामगारांच्या संगतीत आणि वाचनालयात बसून. त्यांच्याकडून कळलेली एकच गोष्ट आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. नकाशाचा खरेपणा मोजणीदारावर जसा, तसाच तो ज्या कागदावर छापला जातो त्या कागदावरही अवलंबून असतो.

मिरजेत हे पटवून देणे अवघड नाही. इथला सतारीचा कारागीर लाकूड आणि भोपळा पुरता वाळल्याखेरीज कामाला हात घालीत नाही. कागदही वनस्पतीच्याच तंतूंचा. हवेत ओल आली की फुगतो, हवा कोरडी झाली की आकसतो. पण तो चोहो अंगांनी सारखा फुगत नाही. कागद तयार होताना बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात. ओला तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला वाढतो. म्हणून ताव तंतूंच्या आडव्या अंगाने अधिक ताणतो.

आता हिशेब करू. आपली जुनी साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा. एका इंचास दहा साखळ्या या मापाच्या नकाशावर एका चौरस इंचात 100 गुंठे, म्हणजे अडीच एकर मावतात. कागद एका अंगाने शेकडा एक इतका जरी वाढला, तरी त्यात एक गुंठा आयताच निर्माण होतो! बांध जागच्या जागी, पण कागद सरकला. आणि गुंठ्यासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, हे मी आपणांस सांगावयास नको.

दुसरे उदाहरण पुराचे. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णामाई घराघरांत आली, तेव्हापासून पूररेषा हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, आणि शाईबरोबर पाणीही लागते. पहिल्या रंगाला कागद पाणी प्याला की दुसरा रंग जागा चुकतो. एकास दहा हजार या मापावर एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. तेवढ्यात एक घर सहज बसते. ते रेषेच्या आत की बाहेर, हा त्या कुटुंबाच्या जन्माचा प्रश्न असतो.

मग कागद निवडावा कसा? तावाचा तुकडा एका बाजूने ओला करावा. तो गुंडाळून नळी होते; नळीची लांबी तीच तंतूंची दिशा. ऑफसेट यंत्रावर ही दिशा सिलिंडरच्या लांबीशी समांतर ठेवावी, म्हणजे वाढ सिलिंडरच्या घेराकडे जाते आणि ती यंत्रावर थोडीफार सावरता येते. रिमे आणल्या आणल्या फोडू नयेत. यंत्राच्या खोलीतच मुरू द्यावीत. शेतात, पुरात न्यावयाच्या नकाशाला ओलेपणी न फाटणारा आणि एकाच घडीवर वारंवार दुमडून टिकणारा कागद हवा. चकचकीत कागद दुकानात शोभतो. उन्हात मात्र डोळे दिपवतो आणि पेन्सिल धरीत नाही. दप्तरात जपावयाच्या नकाशाला सुती चिंध्यांचा, आम्लरहित कागद उत्तम. जुने गावनकाशे कापडावर चिकटवीत, ते उगीच नव्हे.

आता नकाशे संगणकावर आले. तेथे ते फुगत नाहीत हे खरे. पण छापून हातात घेतलेला ताव अजून कागदाचाच आहे. म्हणून अंतर मोजताना नकाशावर छापलेल्या मोजपट्टीवरूनच मोजावे. कागदाबरोबर तीही ताणते, आणि चूक बरीचशी कमी होते.

शेवटी कामगारांच्या वतीने एक मागणी. निविदेत पुष्कळदा वजन आणि भाव एवढेच पाहतात. रंग सरकला की जाब मात्र यंत्रावरच्या माणसाला विचारतात. ज्याला जाब द्यावा लागतो, त्याचे मत कागद पसंत करतानाच लेखी घ्यावे. त्यात केवळ कामगाराचे हित नाही. आपल्या बांधाचे आणि उंबऱ्याचेही आहे.