विमान पोसण्याचा खर्च

अमेरिकेंत जुनें सेस्ना १७२ विमान घेणारा गृहस्थ किंमतीची घासाघीस करतो. खरा खर्च पुढेंच असतो. तें वर्षांत दोनशें तास उडो वा दहा, तेथील कायद्यानें दर बारा महिन्यांनीं त्याची संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे, आणि तीहि खास अधिकारपत्र असलेल्या यंत्रज्ञाकडून. भाज्य तेंच, भाजक लहान. मग तासाचा खर्च किती फुगतो, हें चौथींतील मुलगाहि सांगेल! तेल बदलण्यासारखीं किरकोळ कामें वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकास स्वतः करतां येतात, तेवढीच बचत. झांकणें उघडल्यावर काय सांपडेल, त्याचा आंकडा मात्र आधीं कळत नाहीं.

१९६८ पासून या विमानांत लायकॉमिंग एंजिन बसूं लागलें. २,००० तासांनीं, किंवा तितके तास न भरल्यास बाराव्या वर्षीं, तें पूर्ण उकलून दुरुस्त करावें, असें कारखानदार सांगतो. खासगी मालकावर कायद्याचें तसें बंधन नाहीं, आणि मोह होतो तो येथेंच. कित्येकजण काटकसर म्हणून विमान उडवीतच नाहींत. मग एंजिनाच्या वरच्या अंगास असलेल्या कॅमशाफ्टवरील तेल ओघळून जातें, ओलावा शिरतो आणि गंज चढतो. तिघाचौघांनीं मिळून विमान घेतल्यास तपासणीचा खर्च वांटला जातो, शिवाय एंजिनहि फिरतें राहतें.