वर्तुळाला गट क्रमांक मिळू द्या



एकेकाळी मनीषनगर म्हटले की नागपूरकराला बंद रेल्वे फाटक आठवायचे. आता पूल झाला, आणि उशिरा येणाऱ्यांची हक्काची सबब गेली. दुपारी सावजी रस्सा आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी वरण-भातही आहे. स्वागताध्यक्षाचे काम खरे तर इथेच संपते. पण माझी नोकरी जमीन मोजण्यात गेली, म्हणून थोडे बोलतो.

आकाशातून जुनी ठिकाणे शोधायला, म्हणजे आपल्या या दोन दिवसांच्या विषयाला, नागपूरसारखी सोयीची जागा क्वचितच सापडेल. इस्रोचे प्रादेशिक केंद्र इथे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही इथेच, आणि शहराभोवती शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेली मोठ्या दगडांची वर्तुळे. काटोल रस्त्याकडच्या एकट्या जुनापाणीला सुमारे ३०० आहेत. त्यांच्यावर १८७९ मध्ये लिहिले ते रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने; हा गृहस्थ एकेकाळचा कापूस आयुक्त! पुढे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड खणले. माहुरझरीला तांब्याच्या साजासह पुरलेले घोडे निघाले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी. हे सारे पायी फिरून सापडलेले.

१९८८ मध्ये आपला नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए गेला, तेव्हा त्याच्या चित्रातला बारीकात बारीक ठिपका सुमारे ३६ मीटरचा होता. दहा-पंधरा मीटरचे वर्तुळ त्यात गडप. २००५ च्या कार्टोसॅट-१ ने तो अडीच मीटरवर आणला, नंतरच्यांनी एक मीटरच्याही खाली. आज विद्यार्थी घरबसल्या वर्तुळे मोजू शकतो. मात्र चित्र उन्हाळ्यातले घ्या. पावसाळ्यात गवत सगळे झाकते. आणि गोल दिसले की हुरळू नका. शेतातले खळेही गोलच असते, विहिरीभोवतीचा मातीचा ढीगही. बांधावर जाऊन पाहिल्याशिवाय खात्री नाही.

वैनगंगेकाठच्या जुन्या पवनी गावाची गंमत उलटी आहे. तिथे बाजारात फिरताना तट आणि खंदक तुकड्यातुकड्याने भेटतात. वरून पाहिले की तीन बाजूंची तटबंदी आणि चौथीकडे वैनगंगा, असा गावाचा सारा आकार एका नजरेत येतो.

मला मात्र नव्या शोधापेक्षा जुन्या चित्रांचे मोल अधिक वाटते. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहांनी टिपलेली आठ लाखांहून अधिक चित्रे १९९५ मध्ये खुली केली. त्यांत विदर्भ धुंडाळा. नंतरच्या चित्रांशी ताडून पाहा, म्हणजे कुठले वर्तुळ मुरमाच्या खाणीने खाल्ले आणि कुठले प्लॉटांखाली गेले, ते तारखेनिशी कळेल. हे मनीषनगरसुद्धा आमच्या डोळ्यांदेखत शेतांतून उभे राहिले. प्लॉट पाडताना त्या धुऱ्यांवर काय होते, हे कोणी पाहिले?

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे. आपल्या निबंधांत अक्षांश-रेखांश असतात, पण तलाठ्याला ते उपयोगाचे नाहीत. त्याला लागतो गट क्रमांक. उपग्रह चित्रावर गावनकाशा बसवणे आता अवघड राहिलेले नाही. सापडलेल्या प्रत्येक वर्तुळापुढे गाव आणि गट क्रमांक लिहा, आणि ती यादी जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खाते, दोघांकडे द्या. ले-आउट मंजूर करणाऱ्या टेबलावर ती आधी पोचली पाहिजे. मंजुरीनंतर पोचलेल्या संशोधनाचा फक्त शोकलेख होतो. आणि शेतकऱ्याला विश्वासात घ्या. आपली जमीन सरकार अडकवणार अशी धास्ती त्याला बसली, तर आपण पोचण्याआधी दगड बांधावर गेलेले असतील.

या दोन दिवसांत निदान एका तालुक्याची अशी यादी सुरू व्हावी. टेबल, इंटरनेट आणि चहा यांची सोय मागच्या खोलीत केली आहे. उद्घाटकांना विनंती करतो, त्यांनी माइक घ्यावा.