बरणीतले रान



मीरा-भाईंदरला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. तेथून काहीही उचलून आणण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. म्हणून आपले रान पावसाळ्यात शाळेच्याच आवारातून आणावे.

रुंद तोंडाच्या बरणीत खडी, माती व कुजका पाला घालावा. त्यात दोन वाणी किडे, एक गोगलगाय व काही गांडुळे सोडावीत. गोम मात्र टाळावी. ती विषारी व मांसाहारी असते. वर फडके बांधून बरणी सावलीत ठेवावी. वाणी किडे पाला कुरतडतात, गांडुळे त्याची माती करतात, त्या मातीत नेचे वाढते.

किडा दिसताच चिरडणारे मूल उद्या त्यालाच पाने आणून घालील. महिन्याने सर्व जीव मूळ जागी सोडावेत. तोही पाठच होय.