छातीतली तार

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्हांला आरोग्यावर बोला म्हणून सांगण्यात आले. आम्ही काही डॉक्टर नाही. घरात घडले तेच सांगतो.

आमच्या मंडळींना 2012 साली पेसमेकर बसला. 2022 मध्ये बॅटरी संपत आली म्हणून डबी बदलली, तार मात्र तीच ठेवली. तशीच पद्धत आहे. पण लोक डबीचीच चौकशी करतात, तारेला कोण विचारतो? हसळीच्या हाडाखालून शिरेत शिरून ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते आणि दिवसाला लाखभर ठोक्यांबरोबर हलते. हसळी आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात ती झिजते, कधी तुटते.

2024 च्या उन्हाळ्यात फळीवरचा डबा काढताना हिला भोवळ आली. आम्ही म्हटलं, ऊन लागलं असेल. लिंबूसरबत दिलं! तिसऱ्यांदा पडली तेव्हा तपासणीला नेली. तारेचा विद्युतरोध शेकडो ओहमवरून हजारांवर गेलेला. तुटक्या जागेतली खरखर म्हणजेच हृदयाचा ठोका, असे समजून यंत्र गप्प बसत होते. त्या दोन-तीन सेकंदांत ही पडत होती.

डॉक्टरांनी बाहेरूनच यंत्राची जोडणी बदलली. तारेत दोन वाहक असतात, त्यातला चांगला वापरला. भोवळ थांबली, पण पीठ मळताना छातीचा स्नायू फडफडायचा. ही सोय तात्पुरतीच होती.

मग घरात वाद. मुलगा म्हणाला, तुटकी तार काढूनच टाका. ऐकायला बरे वाटते. पण बारा वर्षांत ती शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते. लेसरच्या नळीने सोडवताना शीर किंवा हृदय फाटू शकते, म्हणून छाती उघडणारे सर्जन तयार ठेवावे लागतात. शंभरात एक-दोघांना गंभीर इजा होते. जंतुसंसर्ग असता तर काढावीच लागली असती. तो नव्हता.

सूनबाईंनी बिनतारी पेसमेकरचे सांगितले. मोठ्या कॅप्सूलएवढा, वजन दोन ग्रॅम, जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात. तारच नाही तर तुटणार काय? अमेरिकेत 2016 साली त्याला मान्यता मिळाली. पण किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. शिवाय वर्षांनी तो बाहेर काढणे सोपे नाही.

राहिला तिसरा मार्ग, जुनी तार तशीच ठेवून शेजारी नवी घालायची. त्यातही खोट आहे. शिरेत गर्दी होते, आणि टाकून दिलेली तार छातीत असली की एमआरआयला अडचण येते.

जगात पहिला पेसमेकर शरीरात बसला 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्टॉकहोमला, अर्ने लार्सन यांना. तो काही तासच चालला. पुढे वीसहून अधिक वेळा यंत्र बदलत ते 2001 पर्यंत जगले. हे आम्ही हिला सांगितले. ही म्हणाली, "त्यांचं राहू द्या. मला छाती फाडायची भीती वाटते, दुसरी तार घाला." जीव तिचा, शब्द तिचाच मानला.

शिरेत औषध सोडून फोटो काढला, वाट मोकळी होती. नवी तार बसली, जुनीच्या टोकाला टोपी घातली. सहा आठवडे डावा हात खांद्यावर न्यायचा नव्हता. तेवढे दिवस वेणी आम्ही घातली, तीही वाकडी.

छातीत दोन तारा आहेत, असे लिहिलेली चिठ्ठी पेसमेकरच्या कार्डासोबत हिच्या पाकिटात असते. एक आमच्याही खिशात आहे.