विरारचे तीन तुकडे

वसई-विरारमध्ये जमलो आहोत, तेव्हा उदाहरण इथलेच घेतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगभूत रेगेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या, लायब्ररीला मजकुरातून शब्द वेचायला सांगितले, तर ‘वसई’ अखंड हाती येते, पण ‘विरार’चे व, र, र असे तीन तुकडे होतात. वेलांटी आणि काना वाटेतच गळतात. शब्दातले वर्ण ओळखणारी खूण तिथे अक्षर, अंक आणि अधोरेघ एवढेच जाणते, आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांटी अक्षरांत मोडत नाहीत, चिन्हांत मोडतात. वसईत एकही मात्रा नाही म्हणून ती निभावली. युनिकोडचेच 18 क्रमांकाचे तांत्रिक मानक ही चिन्हे शब्दात धरा असे सुचवते, तरी हे चालू आहे.

नावांच्या लांबीच्या मर्यादेतही हाच घोळ आहे. ‘वसई-विरार शहर महानगरपालिका’ या नावात वाचणाऱ्याला 17 अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने संयोगचिन्ह आणि मोकळ्या जागा धरून ते 26 भरते आणि यूटीएफ-8 मध्ये 72 बाइट. फिलिप हेझेल यांनी केंब्रिजमध्ये 1997 साली सुरू केलेल्या पीसीआरई या रेगेक्स लायब्ररीत नमुन्यातल्या गटाच्या नावाला बराच काळ 32 एककांची मर्यादा होती. आठ-बिटी आवृत्तीत एकक म्हणजे बाइट. इंग्रजीला 32 अक्षरे मिळत, देवनागरीला जेमतेम 10. 2024 मध्ये 10.44 आवृत्तीने ती 128 केली, पण मात्रा असलेले नाव अजूनही चालत नाही. त्याच वर्षीच्या 10.43 ने युनिकोड पर्याय चालू असताना उकार, एकार आणि अनुस्वार शब्दात घेतले. काना आणि वेलांटी मात्र बाहेरच राहिल्या, कारण त्या जागा व्यापणाऱ्या चिन्हांच्या वेगळ्या वर्गात बसतात. अर्धी बाराखडी आत, अर्धी बाहेर!

मग मर्यादाच काढून टाका, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. 2 जुलै 2019 रोजी एका बेफाम रेगेक्समुळे क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली होती. लगाम हवाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्राची स्मृती बाइटांतच मोजली जाते आणि एका अक्षरात किती चिन्हे येतील याचा नेम नाही. खरे आहे. म्हणून लायब्ररीच्या पोटात बाइट मोजावेत, त्याला हरकत नाही. पण अर्ज भरणाऱ्या माणसापुढे जी मर्यादा येते, ती त्याला दिसणाऱ्या अक्षरांत सांगितली पाहिजे. त्याची सोयही आहे: पीसीआरईत अख्खे अक्षर उचलणारी खूण आहे आणि 2023 च्या युनिकोड 15.1 पासूनच्या नियमांनुसार देवनागरी जोडाक्षरही एकसंध धरले जाते.

‘नावे रोमनमध्ये लिहा’ हा सल्ला तर वसईतच लटका पडतो. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. त्यांचे आडनाव रोमनमध्ये लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते आणि ‘ए ते झेड’ एवढाच नमुना ठेवणारा रकाना तेही नाकारतो. देवनागरीत त्याची तीन अक्षरे होतात, पण त्यांत वेलांटी, जोडाक्षर आणि ओकार असे सगळेच आले. माझी मागणी साधी आहे. मराठी माणसाच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या चाचणीत दिब्रिटो, निर्मळ, अर्नाळा आणि विरार ही इथली नावे असावीत, आणि ती अखंड बाहेर येईपर्यंत ती प्रणाली कोणी स्वीकारू नये.